कागदावर २४० वॅट, तारेवर ३९०: एका गावच्या भोंग्यांचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातलं हे प्रकरण. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. तिथली माणसं एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे ठेवली आहेत, आणि तात्या-बापू तर दर गावात असतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, आता निवृत्त आहे. दुरुस्तीची सवय मात्र सुटलेली नाही.

पार्श्वभूमी

देवळाच्या ओवरीत लाकडी कपाटात २५० वॅटचा ॲम्प्लिफायर. त्यावर देवस्थानाची भजनं, हरिपाठ, आणि ग्रामपंचायतीच्या सूचना: पाणी कधी सुटणार, लसीकरण कुठे आहे, ग्रामसभा किती वाजता. सुरुवातीला बारा भोंगे होते. बाराही युनिटं (भोंग्याच्या मागचा, आवाज काढणारा भाग) १६ ओहमची. प्रत्येक भोंग्यामागे डब्यात एक लाइन ट्रान्सफॉर्मर, १५ वॅटच्या टॅपवर, म्हणजे वेढ्यांमधून बाहेर काढलेल्या टोकावर, लावलेला. ॲम्प्लिफायरमधून १०० व्होल्टची लाइन निघते आणि सगळे भोंगे तिच्यावर समांतर जोडलेले. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. २५० च्या आत. सहा वर्षं काही तक्रार नाही.

ज्यांना ही १०० व्होल्टची भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. भोंगा ४०० मीटरवर असेल तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन ९.७ ओहम रोध होतो. १६ ओहमचं युनिट सरळ तिथे टांगलं तर ३८ टक्के शक्ती रस्त्यातच तार तापवायला जाते. तोच भोंगा ट्रान्सफॉर्मरमागून लाइनला ६६७ ओहमचा दिसायला लागला की तारेतली गळती दीड टक्क्याच्याही खाली येते. तार तीच, युनिट तेच. मधे वेढ्यांचे दोन गठ्ठे आले, लाइनकडचा प्रायमरी आणि युनिटकडचा सेकंडरी, एवढाच फरक.

मग एका वर्षी वळवाच्या पावसात रस्त्याकडेच्या ओळीत वीज पडली आणि सहा युनिटं गेली. तालुक्याच्या दुकानात त्या दिवशी ८ ओहम, २५ वॅटची युनिटं होती. बापूने (गावातलं वायरिंग तोच बघतो) ती आणली, जुन्याच तारांवर बसवली. आवाज आला, उलट जरा खणखणीतच आला. पुढच्या वर्षी वाडीवर चार नवे भोंगे लागले, तीही ८ ओहमची युनिटं. ट्रान्सफॉर्मर १५ वॅटच्या टॅपवर आणि युनिटच्या तारा सवयीने '१६ ओहम' लिहिलेल्या टोकावर. वहीत नोंद झाली: एकूण भोंगे १६, प्रत्येकी १५ वॅट, एकूण २४० वॅट. ॲम्प्लिफायर २५० चा. बसतंय.

अडचण

सप्ताहाला पंधरा दिवस राहिले असताना तात्यांचा फोन आला. तात्या देवस्थानाचे अध्यक्ष. "सर, मशीन तापतंय. भजन सुरू झालं की वीस मिनिटांत गप्प बसतंय. पंचायतीची सूचना मात्र नीट जाती."

या वाक्यात निम्मं निदान होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही. सूचना अर्ध्या मिनिटाची असते, आणि बोलण्यात शब्दाशब्दाला खंड असतो. भजनात टाळ, पखवाज, पेटी, वीस गळे, सलग दोन तास. ॲम्प्लिफायरवर झेपेल त्याच्या दीडपट ओझं असेल तर तो सूचना सांभाळून घेईल आणि भजनात मान टाकेल.

मी विचारलं, "भोंगे किती? किती वॅटवर?" तात्यांनी वही काढून सांगितलं. १६, पंधरा-पंधराचे. मी मनात २४० केले आणि ओझ्याचा विषय संपवला. युनिट किती ओहमची, हे विचारलंच नाही. या प्रकरणातली पहिली चूक माझी.

पहिला अंदाज

तात्या म्हणाले, पखवाजाची 'धुम' पडली की दिवा लाल होतो. त्यावर मी सांगितलं की बेसची कळ पूर्ण डावीकडे फिरवा. हा सल्ला चुकीचा नव्हता, आणि घोळ तिथेच झाला. छोट्या लाइन ट्रान्सफॉर्मरचा गाभा बोलण्याच्या पट्टीसाठी बेतलेला असतो. खालच्या स्वराला त्याच व्होल्टेजवर गाभ्यात जास्त चुंबकीय प्रवाह लागतो. गाभा भरला की प्रायमरी नुसत्या तारेसारखी वागते आणि फुकटचा करंट ओढते. भोंग्यातून तो स्वर बाहेर पडतही नाही.

बेस कमी केल्यावर मशीन वीस मिनिटांऐवजी तासभर टिकायला लागलं. सगळ्यांना वाटलं, सुधारलं. मलाही. खरा आजार दहा दिवस झाकला गेला.

बापूचा मीटर

सप्ताह पाच दिवसांवर आला आणि मशीन पुन्हा बसलं. बापूने आपल्या परीने शोध घेतला. लाइन मशीनपासून सोडवली, मल्टिमीटर ओहमवर लावला, दोन तारांना टोचला. आकडा आला ३.८. बापूचं तर्कशास्त्र सरळ होतं: लाइन चार ओहमची आहे, मशीनच्या मागे ४ ओहमचं टोक आहे, मग आपण १०० व्होल्टच्या टोकाला का लावलंय? लाइन ४ ओहमच्या टोकाला गेली.

मशीन एकदम थंड. आणि गाव एकदम शांत. वाडीवरच्या लोकांना काकडीएवढा आवाज येईना, हे तात्यांचे शब्द. मग व्हॉल्यूम पूर्ण उजवीकडे, आणि आवाज फाटायला लागला.

ओहमवर लावलेला मीटर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट सोडतो; त्याला दिसते ती फक्त प्रायमरीच्या तांब्याची तार. एकेका ट्रान्सफॉर्मरची ४०-५० ओहम, सोळा समांतर, म्हणून तीन-चार. पलीकडे १६ ओहमचं युनिट असो, ८ चं असो, नाहीतर युनिट जळून तार तुटलेली असो, मीटर तेवढंच दाखवणार. मीटर जोडला की करंट क्षणात स्थिरावतो. बदलत नसलेल्या करंटने सेकंडरीत काही उपजत नाही, म्हणून पलीकडची बातमी अलीकडे येतच नाही.

४ ओहमच्या टोकावर २५० वॅटच्या मशीनला जास्तीत जास्त ३१.६ व्होल्ट देता येतात. लाइनला हवेत १००. म्हणजे प्रत्येक भोंग्याला जेमतेम दहावा हिस्सा शक्ती. बापूने फ्यूजही मोठा घातला होता, तो मी गेल्या गेल्या आधी काढायला लावला. त्यावर जास्त बोलत नाही, बापूलाही ते माहीत होतं.

जागेवर काय सापडलं

सप्ताहाच्या चार दिवस आधी मी गेलो. लाइन खरंच किती ओहमची 'दिसते' हे मोजायला महाग यंत्र लागत नाही. सिमेंटचा पांढरा १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लाइनच्या एका तारेत ओळीने जोडला. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा एकसुरी स्वर लावून मशीनला दिला, आवाज अगदी बारीक. ४०० अशासाठी की साधे मल्टिमीटर एसीवर साधारण तेवढ्यापर्यंतच भरवशाचे असतात, आणि भोंगाही त्याच्या खाली नीट काम करत नाही. रेझिस्टरवर १.५ व्होल्ट, म्हणजे करंट ०.१५ अँपियर. लाइनवर ४.२ व्होल्ट. भागाकार: २८ ओहम.

२५० वॅटच्या मशीनला १०० व्होल्टच्या टोकावर किमान ४० ओहम हवेत. वहीप्रमाणे २४० वॅट असतील तर १०० चा वर्ग भागिले २४०, म्हणजे जवळपास ४२ ओहम यायला हवे होते. वरून तारेचा रोध मिळून थोडे जास्तच. आले २८.

तेव्हा कुठे मी बापूला म्हणालो, एक भोंगा खाली घे. रस्त्याकडचा घेतला. युनिटच्या पाठीवरची पट्टी उन्हाने पांढरी पडली होती, पण बोटाने पुसल्यावर वाचता आली. ८ ओहम, २५ वॅट. मीटरवर त्याची कॉइल साडेसहा ओहम. डब्यातला ट्रान्सफॉर्मर उघडला तर तारा १६ च्या टोकावर, आणि शेजारी ८ चं टोक कोरं, कथिलसुद्धा न लागलेलं.

"सर, पण आठ म्हणजे सोळापेक्षा कमीच की. लोड कमी झाला ना मग?" बापूचा हा प्रश्न मी वर्गात तीस वर्षं ऐकला आहे, आणि तो बावळट नाही. आपण 'लोड' म्हणतो ते ओझं, आणि ओहम मोजतात तो अडथळा. अडथळा कमी झाला की ओझं वाढतं. भाषेनेच इथे माणसाला फसवलेलं असतं. मी तेव्हापासून गावात 'लोड किती ओहम' असं बोलायचं सोडलं. 'लाइन किती ओहमची दिसते' आणि 'किती वॅट ओढते' असं वेगवेगळं विचारतो.

ओवरीतला प्रयोग

तात्या, बापू आणि पंचायतीचा एक तरुण सदस्य समोर होते. त्यांना पटल्याशिवाय सोळा खांबांवर कुणी चढणार नव्हतं. म्हणून उतरवलेला ट्रान्सफॉर्मर चटईवर ठेवला. प्रायमरीच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर. बापूच्या हातात मीटर. दर वेळी प्रायमरीवर बरोबर १० व्होल्ट येतील इतका आवाज ठेवायचा आणि रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात ते बघायचं.

सेकंडरी मोकळी: रेझिस्टरवर जवळपास काही नाही. "म्हणजे ट्रान्सफॉर्मर स्वतः काहीच ओढत नाही," तो तरुण म्हणाला. जवळपास नाहीच. त्याच्या अंगी ६६७ ओहमचा कुठलाही रेझिस्टर बसवलेला नाही.

१६ च्या टोकावर १६ ओहमचं जुनं युनिट: दीड व्होल्ट. म्हणजे १५ मिलिअँपियर, म्हणजे ६६७ ओहम.

त्याच टोकावर ८ ओहमचं युनिट: २.९ व्होल्ट. करंट जवळपास दुप्पट. लाइनला आता ३३३ ओहमच्या आसपास दिसतंय.

युनिट तेच ८ ओहमचं, तार उचलून ८ च्या टोकावर: परत दीड व्होल्ट.

बापूने तार दोनदा इकडून तिकडे केली. मग काही न बोलता खिशातून टेस्टर काढला आणि पुढचा भोंगा उतरवायला उठला. मी त्याला थांबवलं, कारण अजून ठरायचं होतं.

हिशेब त्यांना असा सांगितला. १५ वॅटच्या टॅपला आणि १६ च्या टोकाला प्रायमरीचे वेढे सेकंडरीच्या ६.४५ पट आहेत. व्होल्ट तितक्या पटीने उतरतात आणि करंट तितक्याच पटीने चढतो. आता अलीकडून बघा: युनिटला जेवढे व्होल्ट मिळतात त्याच्या ६.४५ पट व्होल्ट लाइनवर आहेत, आणि करंट मात्र ६.४५ पट कमी आहे. ओहम म्हणजे व्होल्ट भागिले करंट. वरचा आकडा ६.४५ पट मोठा, खालचा ६.४५ पट लहान, म्हणून भागाकार ६.४५ चा वर्ग, ४१.७ पट. १६ गुणिले ४१.७ झाले ६६७. ८ गुणिले ४१.७ झाले ३३३. ट्रान्सफॉर्मरला ६६७ माहीतच नाही, त्याला फक्त ४१.७ माहीत आहे. पलीकडे काय टांगाल त्याला तो ४१.७ ने गुणतो.

तात्या शेतकरी माणूस, त्यांना पहारीचं उदाहरण पटलं. टेकू दगडाजवळ असला की जोर कमी लागतो आणि हात जास्त खाली जातो, दोन्ही एकदम. दगड तोच, हाताला मऊ लागतो तो दोन कारणांनी. म्हणून वर्ग.

एक बारीक गोष्ट: १६ चं टोक सेकंडरीच्या शंभराव्या वेढ्यावर असेल, तर ८ चं टोक पन्नासाव्या नव्हे, एकाहत्तराव्या वेढ्यावर असतं. पन्नासाव्यावर ४ ओहमचं असतं. स्वतः ट्रान्सफॉर्मर भरणारे काही लोक इथे अर्ध्यावर टॅप काढतात आणि मग वर्षभर युनिटला शिव्या देतात.

एकूण हिशेब: १६ ओहमचे सहा भोंगे प्रत्येकी १५ वॅट, ९०. आठ ओहमचे दहा भोंगे प्रत्येकी ३०, म्हणजे ३००. एकूण ३९० वॅट, २५.६ ओहम. तार धरून २८. मशीनकडून २.५ ऐवजी ३.९ अँपियर मागितले जात होते.

पर्याय

मोठं मशीन. ५०० वॅटचं घ्यावं असं निम्म्या कमिटीचं मत होतं, वर्गणीही निघाली असती. मशीन टिकलं असतं. पण ८ ओहमची युनिटं २५ वॅटची आणि त्यांना मिळणार ३०. मशीन दमत होतं म्हणूनच ती आजवर वाचली होती, असं म्हटलं तरी चालेल. न दमणारं मशीन आणलं असतं तर सप्ताहातच राख. शिवाय आवाज वाढवून कुणाला हवा होता? निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंदच ठेवायचे असतात. काकडा मंडपातल्या पेटीवर होतो.

युनिट बदलून सगळी १६ ओहमची करणं. स्वच्छ उपाय, पण दहा चांगली युनिटं फेकायची, आणि चार दिवसांत मिळतील याची खात्री नाही.

खांबावर चढून तारा ८ च्या टोकावर नेणं. फुकट आणि योग्य. पण दहा खांब, एक शिडी, वाडीच्या रस्त्यावर ऊस वाहतूक चालू, आणि बापूला मंडपाचं वायरिंगही करायचं होतं.

चौथा पर्याय मशीनच्या पाठीवरच होता. तिथे ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट अशी टोकं असतात. आतल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या एकाच सेकंडरीवरचे ते वेगवेगळे टॅप. भोंग्यामागे जो हिशेब तोच इथे, फक्त उलट्या दिशेने: कुठलं टोक निवडता त्यावर आतल्या ट्रान्झिस्टरांना बाहेरची लाइन किती ओहमची दिसते ते ठरतं. ७० व्होल्टच्या टोकाला २५० वॅटसाठी किमान २० ओहम चालतात. आपली लाइन २८ ची. एक तार एका स्क्रूवरून दुसऱ्यावर, खांबावर कुणी चढायला नको. सगळ्या भोंग्यांची शक्ती निम्मी होते: एकूण १९० वॅटच्या आसपास, आठवाल्यांना १५, सोळावाल्यांना साडेसात. दोष एवढाच की देवळाजवळचे जुने भोंगे दबके वाटतील.

काय केलं

सप्ताहापुरतं ७० व्होल्ट, सप्ताह उरकला की खांबांवर काम. तीन दिवस सुरळीत गेले. हरिपाठ झाला, पखवाज वाजला, मशीनवर हात ठेवता येत होता.

चौथ्या दिवशी मोठं कीर्तन. बुवांबरोबर त्यांचा माईकवाला होता, अनुभवी माणूस. त्याने मागे बघितलं, लाइन ७० वर दिसली, भोंगे १०० व्होल्टचे आहेत हे त्याला माहीत. त्याला ती कुणाची तरी चूक वाटली. त्याने ती 'सुधारली'. मला दोष देता येत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. कुठेही काही लिहिलेलं नव्हतं.

पूर्वरंग झाला, उत्तररंगात मशीन दोनदा बसलं, दोनदा चालू केलं. सकाळी रस्त्याकडची दोन युनिटं मुकी. जळाली ती मशीनच्या जवळची, कारण त्यांना पूर्ण ३० वॅट मिळाले. वाडीची वाचली: लांब तारेने त्यांचा पाचवा हिस्सा खाल्ला आणि ती २४ वर राहिली. गंमत अशी की दोन युनिटं जळून तुटल्यावर लाइन हलकी झाली, आणि कीर्तनाचा शेवटचा अर्धा तास मशीन बिनतक्रार चाललं. माईकवाल्याला वाटलं असणार, बघा, १०० वर लावल्यावर कसं नीट चाललंय.

तार परत ७० वर घेतली. या वेळी १०० व्होल्टच्या स्क्रूवर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि कपाटाच्या दारावर खडूने लिहिलं: 'तार हलवू नये. विचारा: बापू.'

काल्याच्या कीर्तनानंतर दोन दिवसांनी खांबांचं काम सुरू झालं. सात ठिकाणी तारा १६ वरून ८ च्या टोकावर नेल्या. वाडीवर तीन ट्रान्सफॉर्मर वेगळे निघाले, त्यांना सेकंडरीला एकच टोक, १६ चं. तिथे उलटीकडून गेलो: प्रायमरीचा टॅप १५ वरून साडेसात वॅटवर. छापलेला आकडा १६ ओहम धरून आहे, आपण ८ टांगलेत, म्हणून साडेसातच्या टॅपवर प्रत्यक्षात १५ वॅट जातात. लाइनला ६६७ ओहमच दिसतात. वेढ्यांचं गुणोत्तर कुठल्या बाजूने बदललं याच्याशी लाइनला देणंघेणं नाही.

आता १६ भोंगे, खरोखरचे २४० वॅट. २५० च्या मशीनला हे काठोकाठ. मी ८० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. देवळाजवळचे सहा जुने भोंगे दाट वस्तीत आहेत, समोरच शाळा. ते साडेसातवर आणायचं सुचवलं. तात्यांना आधी आवडलं नाही, देवळाचाच आवाज कमी कसा करायचा. मग शाळेच्या बाईंनीच पंचायतीत विषय काढला आणि ते झालं. एकूण १९५ वॅट.

निकाल

लाइन १०० व्होल्टच्या टोकावर परत. हिशेबाने ५१ ओहम यायला हवेत. तीच पद्धत, तोच पांढरा रेझिस्टर: १ व्होल्ट आणि साडेपाच व्होल्ट, म्हणजे ५५ ओहम. लांब तारा धरून बरोबर बसतं. पुढच्या एकादशीला पाच तास भजन चाललं. मशीन कोमट. बेसची कळ मी तरी डावीकडेच ठेवायला सांगितली आहे, ते कारण खरंच होतं.

वाडीच्या टोकाचा भोंगा अजून जरा मऊ आहे. पूर्वी तिथे लाइनची शक्ती ८० टक्के पोचत होती, आता ८९ पोचते, तेही चारही भोंगे टोकाला आहेत असं धरून.

पुन्हा करायचं तर

फोनवर मी वॅट विचारले, ते वहीत होते आणि चुकीचे होते. वॅटचा टॅप हा वायदा असतो, पलीकडे ठरलेल्या ओहमचं युनिट असेल तरच पाळला जाणारा. आता माझा पहिला प्रश्न असतो: गेल्या दोन वर्षांत कुठलं युनिट बदललं? तेवढ्यावर हे प्रकरण फोनवरच सुटलं असतं.

बेसचा सल्ला द्यायला हरकत नव्हती, पण त्यानंतर लाइन मोजायला हवी होती. थोडं बरं वाटलं म्हणून मी थांबलो.

७० व्होल्टचा निर्णय मी आजही तोच घेईन. पण तो चालू करतानाच टेप आणि पाटी लागायला हवी होती. जुगाड करताना तो जुगाड आहे हे नंतर येणाऱ्याला दिसलं पाहिजे. दोन युनिटांचे पैसे मी देऊ केले, तात्यांनी घेतले नाहीत, नारळ दिला.

आणखी एक पर्याय तेव्हा सुचला नाही: सप्ताहभर वाडीची ओळ सोडवून ठेवणं. तेवढ्याने ३९० चे २७० झाले असते, म्हणजे तरीही जास्तच. आणि वाडीकर सप्ताहाची वर्गणी देतात. बरं झालं सुचला नाही.

बापूने आता प्रत्येक भोंग्याच्या पोटावर पांढऱ्या ऑइल पेंटने दोन आकडे रंगवले आहेत, युनिटचे ओहम आणि तार कुठल्या टोकावर आहे ते. खालून शिडीशिवाय वाचता येतात. वाडीच्या ओळीला अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढायची ठरली आहे, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊस गाळप संपलं, की. तोवर रस्त्यावर ट्रॉल्या आहेत आणि शिडी लावायला जागा नाही.